दर दहावी बाई

चांदा जिल्ह्यात तांदूळ, हिवताप आणि वाघ यांचा तुटवडा कधी पडल्याचे मला आठवत नाही. तुटवडा होता तो शंकेचा. आमच्या भागात सगळ्यांना सगळे आधीच ठाऊक असे. यंदा पाऊस कसा पडणार, कोणाची सून कशी निघणार, सरकार किती टिकणार, याबद्दल कोणाच्या मनात तिळमात्र संशय नसे. आणि ज्याला यातले काहीच ठाऊक नसे तो निदान ठाऊक असलेल्याच्या शेजारी तरी राहत असे. एवढ्या मोठ्या जिल्ह्याला पुरून उरेल इतकी शंका एकट्याच्या डोक्यात बाळगणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो आमच्याच सोयऱ्यांत निघाला. माझ्या थोरल्या बहिणीचा तो धाकटा दीर. आम्ही ब्रह्मपुरीचे, ताई दिली सावलीला. तिच्या लग्नात हळदीच्या गडबडीत हा उंच, किडकिडीत, धानाच्या बांधीत उभ्या राहिलेल्या बगळ्यासारखी मान पुढे काढलेला मुलगा माझ्याजवळ आला. आमच्या मामांनी नुकतेच मोठ्या आवाजात जाहीर केले होते की मंगळवारी ठरलेली लग्ने हमखास मोडतात. हा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कितीपैकी?" मला वाटले तो लाडवांबद्दल विचारतो आहे.

"कितीपैकी?" हा त्याचा श्वासोच्छ्वास होता. लोक नमस्कार करतात तसा तो हा प्रश्न करी. वैद्यबुवांनी अमुक काढ्याने गुण आला म्हटले की कितीपैकी, मास्तरांनी सावलीची पोरे गणितात कच्ची म्हटले की कितीपैकी, कीर्तनात बुवा म्हणाले की हरिनामाने अनेक तरले तर तिथेही. फरक इतकाच की तिथे त्याच्या वडिलांनी त्याचा हात वेळेवर दाबला. गडचिरोलीच्या बसबद्दल गावात अशी ठाम समजूत होती की ती वैनगंगेअलीकडच्या एका नाल्यापाशी हटकून बंद पडते, आणि तिथे काहीतरी बाधा आहे. याने एकदा उतरून थेट ड्रायव्हरलाच विचारले. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "बंद नाई पडली तं मी चाय कवा पिऊ?" त्या दिवसापासून बाधेवरचा गावाचा विश्वास कमी झाला असे मुळीच नाही, याच्यावरचा मात्र झाला.

जंगलातून पायी जाताना मागे वळून पाहायचे नाही, वळला की वाघ नेतो, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही माहीत असते. एकदा नदीपलीकडे लाकडाच्या कामावरून परतणारा एक म्हातारा आम्हांला हेच सांगत होता. मी आयुष्यभर वळून पाहिले नाही, म्हणून अजून जिवंत आहे, असे त्याचे म्हणणे. आमच्या शंकासुराने अत्यंत आदराने विचारले, "भाऊ, ज्याइनं वळून नाई पाह्यलं अन् तरी वाघानं नेलं, ते तुमाले येऊन सांगून गेले का?"  म्हाताऱ्याने आपल्या सोबत्याला इतकेच सांगितले की हे पोरगे जास्त दिवस टिकायचे नाही. त्यानंतर त्या वाटेवर आम्ही तिघेचौघे मागे न पाहता चाललो. तोही. मी नीट पाहिले.

अशा माणसाने पदवीला कोणता विषय घ्यावा? त्याच्या वडिलांच्या मते वकिली. धानाची चांगली शेती, थोरला मुलगा ती पाहणारा, तेव्हा धाकट्याने काळा कोट घालून चांद्याच्या कोर्टात उभे राहावे एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. पण इंटर झाल्यावर नागपूरच्या कॉलेजात बी. एस्सी.ला नुकताच सुरू झालेला एक विषय त्याच्या दृष्टीस पडला: सांख्यिकी. त्याने प्रॉस्पेक्टसमधली ती दोन वाक्ये वाचली आणि एखाद्याला आपला हरवलेला भाऊ जत्रेत सापडावा तसा त्याचा चेहरा झाला. शंका घेण्याबद्दल आजवर त्याने फक्त बोलणी खाल्ली होती. आता तीच घेण्याबद्दल विद्यापीठ पदवी देणार होते.

वडिलांनी गावात सांगितले की मुलगा 'सांख्य' शिकतो आहे. त्यांचा काही दोष नाही, शेवटची अक्षरे त्यांना ऐकू आली नव्हती. पण त्याचा परिणाम असा झाला की देवळातले पुराणिकबुवा घरी येऊन त्यांना आलिंगन देऊन गेले. या काळात प्रकृती आणि पुरुष यांचा विचार करणारा तरुण सावलीत निपजला, म्हणून त्यांचे डोळे भरून आले होते. बातमी पुढे पोंभुर्ण्याला पोचली. तिथल्या एका घरची मुलगी याला सांगून आलेली होती, बोलणी जवळजवळ झाली होती. मुलीच्या बापाने ऐकले की पोरगा बैरागी होण्याचे शिक्षण घेतो आहे, तेही सरकारी कॉलेजात, आणि त्याने निरोप पाठवून बोलणी थांबवली. चूक लक्षात आल्यावर वडिलांनी दुरुस्ती केली: सांख्य नव्हे, आकड्यांचे शास्त्र. ही दुरुस्ती फारच महागात पडली. त्या दिवसांत कापसाच्या भावावर आकडा लावणारे लोक गावोगाव होते. दिवाळीच्या सुटीत तो सावलीला उतरला तेव्हा बसस्टँडवर त्यांचे शिष्टमंडळ हजर होते. आकडा सांगा, एवढेच त्यांचे मागणे. याने त्यांना तिथेच उभे राहून कळकळीने समजावले की प्रत्येक आकडा येण्याचा संभव सारखाच असतो. मंडळींनी एकमेकांकडे अर्थपूर्ण पाहिले, 'सारखा' या शब्दाची गाठ मनाशी बांधली आणि जाऊन दोन्ही अंक सारखे असलेला बावीस लावला. बावीस आला. पुढे वर्षभर त्याला दिवसाढवळ्या बसने गावात येता आले नाही.

नागपुरात महाल भागात आम्ही एका खोलीत राहत होतो. मी बी. ए.ला संस्कृत घेतले होते, म्हणजे माझा विषय निरुपयोगी असला तरी लोकांना निदान त्याचे नाव ऐकून माहीत होते. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. जिकडेतिकडे योजना, उद्घाटने आणि भाषणे; आणि प्रत्येक भाषणात आकडे. असे वाटे की देशाला आता अन्न, वस्त्र किंवा पाणी नको, फक्त आकडे पुरवले की झाले. एवढी मागणी असूनही त्याच्या वर्गात मुले इतकी थोडी होती की प्राध्यापक आजारी पडले तर वर्ग होत नसे आणि दोन मुले आजारी पडली तरी होत नसे. प्राध्यापक कलकत्त्याकडे शिकून आलेले, अतिशय मवाळ आवाजाचे गृहस्थ. 'बहुधा' आणि 'साधारणतः' हे शब्द घातल्याशिवाय त्यांचे वाक्य पुरे होत नसे. आपले लग्न झाले आहे हेसुद्धा ते 'बहुधा' लावूनच सांगत असावेत. आमचा सोयरा त्यांच्यावर पहिल्याच तासाला भाळला. खोलीवर येऊन मला म्हणाला, "मले आयुष्यात पयलांदा असा माणूस भेटला ज्याले नक्की काई माहीत नाई."

त्या विभागाची सगळी संपत्ती म्हणजे एक गणकयंत्र. हाताने दांडी फिरवायची, लोखंडी, वजनाला जात्यासारखे आणि आवाजालाही. प्राध्यापक ते कपाटात मखमली कापडाखाली ठेवीत आणि बाहेर काढताना देव्हाऱ्यातली मूर्ती काढावी तसे काढीत. भागाकार करताना दांडी एक फेरा जास्त फिरली की आत टिण्णकन घंटा वाजे. वर्गातल्या इतर मुलांना त्या घंटेची लाज वाटे. याला ती फार आवडे. चुकल्याबरोबर सभ्यपणे घंटा वाजवणारी वस्तू जगात एकच असावी, असे तो म्हणे, आणि अशी घंटा पुढाऱ्यांच्या टोपीत बसवता येईल का याचा आम्ही खानावळीत जेवताना पुष्कळ विचार केला. खानावळवाल्या बाईंना आम्ही त्यांच्याबद्दल काही बोलत आहोत असे वाटून त्या दिवशी वरण अधिक पातळ झाले.

शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः एक लहानशी पाहणी करून तिचा अहवाल द्यायचा होता. प्रात्यक्षिकाचे बरेचसे गुण त्यावर. प्राध्यापकांनी मवाळपणे सुचवले की साधारणतः बाहेर जाऊन, माणसांना भेटून माहिती गोळा केल्यास बहुधा बरे. वर्गाने याचा अर्थ वसतिगृहाच्या व्हरांड्यापर्यंत जावे असा घेतला. एकाने विद्यार्थ्यांच्या चहा पिण्याच्या सवयींची पाहणी केली, ती चहा पिता पिता एका संध्याकाळी आटोपली. दुसऱ्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. त्याची कल्पनाशक्ती दांडगी होती. आमच्या माणसाच्या डोक्यात मात्र काही दिवसांपासून एक भाषण घोळत होते. कोणी एक मंत्री कॉलेजात येऊन सांगून गेले होते की स्वराज्य आल्यापासून देशातली लेकरे पूर्वीसारखी दगावत नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. याने शेजारच्याला कितीपैकी म्हणून विचारले आणि शेजारच्याने जागा बदलली.

त्याने ठरवले की महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत जायचे आणि बायांना विचारायचे: किती झाले, किती राहिले. वैनगंगेच्या अलीकडच्या धानपट्टीतल्या आणि पलीकडच्या जंगलातल्या, दोन्हीकडच्या बाया तिथे येतात. शिवाय, तो म्हणाला, या प्रश्नाचे उत्तर द्यायला कोणत्याही बाईला कागद बघावा लागत नाही.

आम्ही नागपूरहून अरुंद रुळांवरच्या लहान गाडीने निघालो आणि सावलीला पोचलो. ताईच्या सासरची बैलगाडी जत्रेला जाणारच होती. त्याची आई, माझी ताई, शिधा, कढई, आणि आम्ही दोघे विद्वान. मार्कंड्याला नदीच्या वाळवंटात राहुट्या पडल्या होत्या. चुली पेटलेल्या, बैल सोडलेले, आणि देवळाकडून घंटांचा अखंड आवाज. बायकांनी चूल मांडली, आणि आम्ही घाटाच्या वरच्या अंगाला एका मोठ्या दगडापाशी ठाण मांडले. योजना सोपी होती. अंघोळ करून वर येणाऱ्या बाया मी मोजायच्या, आणि दर दहाव्या बाईला त्याने प्रश्न विचारायचा. मधल्या कोणालाही विचारायचे नाही. बोलकी आहे म्हणून नाही, ओळखीची आहे म्हणून नाही. आपण निवडायला लागलो की आपल्याला हवे तेच उत्तर मिळते, हे त्याने मला गाडीत वाटभर शिकवले होते. बैलांनाही पाठ झाले असावे.

कागदावर बाया एकामागे एक येतात. मार्कंड्याला त्या एकमेकींच्या पदराला धरून, मध्ये पोरे घालून, अर्ध्या वाटेवरून लोटा राहिला म्हणून परत फिरून येतात. परत आलेली म्हातारी नवी धरायची की जुनी, यावर आमचा पहिला वाद तिथेच झाला. दहाव्या बाईपुढे तो नम्रपणे वाकून उभा राहिला की तिला वाटे हा देवी टोचणारा सरकारी माणूस आहे, आणि ती पोराचा दंड पदराखाली झाकून पळ काढी. एकीने त्याला शिंपी समजून चोळीचा भाव विचारला. एका आजीने सगळा प्रश्न शांतपणे ऐकून घेतला आणि त्याच्या हातावर प्रसादाचा नारळाचा तुकडा ठेवला. थोड्या वेळाने एक शिपाई आला. दोन तरुण पोरे सकाळपासून बायांच्या घाटावर उभी आहेत अशी त्याच्याकडे तक्रार गेली होती, आणि ती शब्दशः खरी होती.

"का करून राह्यले इथी?" त्याने विचारले.

आमच्या माणसाने खरे ते सांगितले, की आम्ही दर दहाव्या बाईला थांबवतो आहोत. शिपायाने थोडा विचार केला. "मंग बाकीच्या नऊ जणीत का खोट हाये?" असे म्हणून त्याने दोघांच्याही कॉलरा धरल्या. नमुना कसा निवडावा याचे विवेचन ऐकण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता. सुदैवाने ताई आम्हांला जेवायला बोलवायला येत होती. तिने शिपायाला सांगितले की हा माझा भाऊ आहे, तो माझा दीर आहे, आणि दोघेही शिकलेले आहेत, तेव्हा त्यांना काही कळत नाही. हे कारण शिपायाला तात्काळ पटले.

तरी हळूहळू पाहणीने वेग घेतला. घाटावर बातमी पसरली होती की हा पोरगा टोचत नाही, काही देत नाही, घेत नाही, नुसते लेकरांचे विचारतो. मग बाया थांबू लागल्या. थांबल्या की बोलू लागल्या. त्याला हवे होते दोन आकडे; त्या ते दोन आकडे द्यायला खूप वेळ लावीत. एक सांगे, पाच झाले, दोन राहिले, आणि मग तिथेच ओल्या लुगड्याने उभी राहून तिसऱ्याला ताप कसा आला, गाडी जुंपेपर्यंत कसे सगळे संपले, ते सांगे. त्याच्या कागदावर तापाला रकाना नव्हता. पहिल्या काही बायांना तो हळूच मध्ये तोडत असे. नंतर तोडेनासा झाला.

दुपारकडे एक बाई आमच्या दगडापाशी येऊन उभी राहिली. पलीकडच्या जंगलातल्या गावची गोंड बाई, त्याच्या आईच्याच वयाची, कपाळावर आणि हातांवर गोंदण. बराच वेळ ती आमचे चाललेले पाहत होती. मग सरळ त्याला म्हणाली, "माह्ये कवा मोजतेस?"

त्याने तिला समजावले. इतक्या आपुलकीने आणि इतक्या सोप्या शब्दांत नमुना निवडण्याचा नियम मी त्याच्या प्राध्यापकांकडूनही ऐकला नसता. तू आता वर आलीस तेव्हा दहावी नव्हतीस बाई, त्यात तुझा काही दोष नाही, दहावी जी येईल तिलाच विचारायचे, तेव्हाच हिशेब खरा होतो. तिने सगळे ऐकले. समजल्यासारखी मान हलवली. आणि घाट उतरून पुन्हा पाण्यात गेली.

मला आधी कळेना. ती अंघोळ करून परत वर आली तेव्हा ती चौथी होती. तिने माझ्याकडे पाहिले, मी पुढच्या बाईचा आकडा मोजला, आणि ती पुन्हा खाली गेली. पुढच्या खेपेला ती सहावी की सातवी आली. आमच्याकडे शिवरात्रीला थंडी सरलेली असते म्हणतात. नदीला ते कोणी सांगितलेले नसते. ती कुडकुडत होती, केसांतून पाणी गळत होते, आणि तिच्याबरोबरच्या बाया राहुटीकडून तिला हाका मारत होत्या. ती चौथ्यांदा पाण्यात उतरली तेव्हा माझ्याने राहवेना. मी हळूच म्हटले, मी एक आकडा गाळतो, कोणाला कळणार आहे? त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी जणू देवळातली पिंड उचलून न्यायला सांगितले.

ती वर आली. ती नववी होती. मी मोठ्याने "नऊ" म्हटले, कारण तसेच करायचे ठरले होते. ती थांबली नाही. मान खाली घालून परत वळू लागली.

तेव्हा तो उठला. एक कोरा कागद हाती घेऊन, बाकीचे दगडाखाली ठेवून पाच-सहा पायऱ्या उतरला, आणि तिला म्हणाला, "बाई, बसा. सांगा."

ती बसली. तिला आकड्यात सांगता येत नव्हते, किंवा सांगायचे नव्हते. तिने नावे सांगितली. जिवंत असलेल्यांची भराभर, आणि नसलेल्यांची सावकाश. कोणी तापात गेला, कोणी देवीत, एक पोरगी पुरात. प्रत्येक नावापाशी ती थांबे आणि तो लिहितो आहे ना ते पाही. तो लिहीत होता. दहावी बाई मघाच वर येऊन, कोणी विचारत नाही म्हणून निघून गेली होती, आणि तिच्यामागच्या कित्येक. मी मोजणे सोडून दिले होते. सांगून झाल्यावर ती उठली, लुगड्याचा ओला सोगा पिळला, आणि "झालं" म्हणाली. पाठ केलेले सगळे बरोबर म्हणून दाखवल्यावर पोर मास्तरांसमोर म्हणते तसे. मग आपल्या माणसांकडे गेली. आम्ही त्यानंतर कोणालाच काही विचारले नाही. परतताना गाडीत त्याने मला काहीही शिकवले नाही. बैलसुद्धा सावकाश चालत होते.

नागपूरला परत आल्यावर त्याने आकडेमोड केली, यंत्राची दांडी फिरवली, घंटा वाजवल्या, आणि नीटनेटका अहवाल लिहिला. शेवटी एक वाक्य घातले. एका बाईचा समावेश नियमाबाहेर झाला आहे, तो पाहणी करणाऱ्याने जाणूनबुजून केला आहे, आणि त्यानंतर मोजणीही अर्धवट राहिली, सबब या पाहणीच्या निष्कर्षांवर विसंबून राहू नये. प्राध्यापकांनी ते वाचले आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा 'बहुधा' न म्हणता बोलले. ते म्हणाले, "वेड्या, तिचा एक कागद काढून टाक. उरलेले सगळे नियमात बसते. तिथपर्यंतचीच पाहणी दाखव." शास्त्राच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होते. त्यालाही ते मान्य होते. तो म्हणाला, "सर, काढलं तर तिले परत नदीत पाठवल्यासारखं होते." प्राध्यापकांनी चष्मा काढून पुष्कळ वेळ पुसला.

बाहेरून आलेले परीक्षक कर्तबगार होते. त्यांनी प्रत्येक अहवालाचे शेवटचे पान तेवढे वाचले. चहाच्या पाहणीचा निष्कर्ष ठाम होता, तिला पहिला वर्ग. कल्पनाशक्तीवाल्याचे आकडे इतके सुरेख जुळत होते की त्याचे खास अभिनंदन झाले. पुढे तो मोठ्या हुद्द्यावर गेला आणि देशाच्या प्रगतीचे आकडे त्याच्या हातून बाहेर पडू लागले असे ऐकतो, आणि मला त्याचे नवल वाटत नाही. आमच्या माणसाचा अहवाल स्वतःच म्हणत होता की माझ्यावर विसंबू नका. परीक्षकांनी आज्ञाधारकपणे विसंबायचे नाकारले. तो नापास झाला.

पुढचे मला ताईने सांगितले. तो सावलीला गेला आणि ओट्यावर बसलेल्या वडिलांना त्याने निकाल सांगितला. का नापास झालास, असे विचारल्यावर जे घडले ते सगळे सांगितले. वडील सुपारी कातरत होते. ऐकून झाल्यावर ते एवढेच म्हणाले, "म्हंजे दोन वर्सं नागपुरात राहून तू दर दहावी बाई मोजाले शिकला, अन् तेबी तुले नाई जमलं." मग आणखी एक वर्ष काढ म्हणाले आणि शेताकडे गेले. त्यांच्या मानाने हे फार मायेचे बोलणे होते.

त्याची आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. ताई चुलीशी होती. तो आत येऊन उंबऱ्यापाशी बसला.  मग आईने सुपातून नजर न काढता विचारले की त्या जत्रेत तू बायांना नेमके काय विचारत होतास. त्याने सांगितले.

"मीबी तं तुह्याच समोरून वर आली होती," ती म्हणाली. "मले नाई इचारलं."

तो म्हणाला, की तू दहावी नव्हतीस.

"आता तं नाई ना मोजून राह्यला," ती म्हणाली. "आता इचार."

ताईच्या म्हणण्याप्रमाणे तो हसणार होता. त्या घरात सगळ्यांना ठाऊक होते की तिला दोन मुलगे झाले आणि दोन्ही राहिले. गावात तिला त्याबद्दल भाग्यवान म्हणत. पण त्याने विचारले. शिकला होता तसे, त्याच शब्दांत.

ती म्हणाली, थोरल्याच्या आधी एक होती. मुलगी. रांगायला लागली होती. एका पावसाळ्यात ताप आला. त्यानंतर सासूने सांगितले की तिचे नाव काढायचे नाही, पुढच्याला नजर लागते. म्हणून काढले नाही. पुढे सासू गेली, पण तोपर्यंत न काढायची सवय होऊन गेली होती. हे सांगताना तिचा निवडणारा हात थांबला नव्हता. तो म्हणाला, "नाव का होतं?" आई म्हणाली, वेणू. माझ्या मेव्हण्यांना, म्हणजे वेणूच्या पाठच्या मुलाला, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळले. आपण थोरले नाही, हे ऐकून ते अंगणात जाऊन उगीचच बैलांची दावी तपासत बसले.

दुसऱ्या वर्षी त्याने वसतिगृहातल्या मुलांची उंची मोजली. सगळी मुले नियमाप्रमाणे आली, नियमाप्रमाणे गेली, आणि एकानेही पुन्हा रांगेत येऊन माझी उंची घ्या म्हटले नाही. तो दुसऱ्या वर्गात पास झाला. चांद्याला पिकांच्या आकडेवारीच्या कचेरीत लागला. पोंभुर्ण्याच्या त्या मुलीचे अजून कुठे जुळले नव्हते. सरकारी नोकरी म्हटल्यावर तिच्या बापाला तो बैरागी वाटेनासा झाला. लग्नानंतरही आमची गाठ पडे, तो पुष्कळ बोले, आणि खात्यातल्या साहेबांना त्याचा तितकाच ताप होई जितका एके काळी कीर्तनकारांना होत असे.

मी सावलीला ताईकडे गेलो की कधी तो रजेवर घरी आलेला असे. जेवण झाले की त्याची आई पान लावून त्याच्याजवळ येऊन बसायची. आता त्या घरात वेणूचे नाव निघत असे. अगदी सहज, शेजारच्या गावी दिलेल्या लेकीचे निघावे तसे. आता ती एवढ्या वर्षांची असती, आता तिच्या पोरी लग्नाला आल्या असत्या, यंदा तिला तीजेच्या सणाला आणायला गाडी पाठवली असती, असा हिशेब त्याची आई करीत राही. त्यात वर्षे कधी मागेपुढे होत. तो पानाचे देठ खुडत ऐकत बसे, आणि ती थांबली की म्हणे, "अन् मंग?"